जळण कुणाचं?

पेट्रोल महागलं की शहाण्या लोकांना सायकल आठवते. रविवारच्या पुरवणीत पानभर लेख येतो. सोबत फोटो. तंग कपडे, डोक्यावर हेल्मेट, बुडाखाली पन्नास हजारांची सायकल आणि वर बसलेला एक सुखी साहेब. इंधन वाचवा, निसर्ग वाचवा, पोट कमी करा. गॅस महागला की याच लोकांना गोबरगॅस आठवतो. आणि आता तर इथेनॉल आलंय. देश म्हणे पर्यायी इंधनावर चालणार.

मला या लेखांचा राग येतो. सायकलचा नाही, लेखांचा. ज्यांनी जन्मभर पेट्रोल जाळलं त्यांना सायकल म्हणजे व्यायाम. आणि ज्यांना पेट्रोल कधी परवडलंच नाही त्यांना हेच लोक सांगणार, बाबांनो काटकसर करा. च्यायला, आमच्या पोटात कमी करण्यासारखं आहे काय? केज तालुक्यातलं नांदूरघाट हे माझं गाव. बालाघाटाच्या पट्ट्यातलं, बाजाराचं, बऱ्यापैकी मोठं. तिथल्या आमच्या वस्तीत गोवरी, काटक्या, पाचट आणि सायकल हे कधीच 'पर्याय' नव्हते. तेच होतं. दुसरं काही नव्हतंच.

म्हणून दोस्तहो, पेट्रोल कसं वाचवावं हे मी इथं सांगत बसणार नाही. जळण कुणाच्या मालकीचं असतं आणि जळतं कोण, एवढंच मला बोलायचंय.

महागाईचं आधी उरकतो, कारण ती तुम्हाला पंपावर भेटतेच. एप्रिल २०२० आठवा. लॉकडाऊन. जगात कच्च्या तेलाला कुणी विचारीना. ब्रेंट जातीचं तेल (तेलालाही जात असते) पिंपाला वीस डॉलरच्या खाली आलं. अशा वेळी पेट्रोल स्वस्त व्हायला पाहिजे होतं. सरकारनं ५ मे २०२० च्या रात्री पेट्रोलवर लिटरला १० आणि डिझेलवर १३ रुपये कर चढवला. माणसं तेव्हा रस्त्यानं पायी गावाकडं चालली होती. पुढं २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोलनं शंभरी ओलांडली, एप्रिल २०२२ मध्ये ते १२० रुपये ५१ पैशांवर होतं. आमच्या शेजारच्या परभणीत त्याहूनही चढं, कारण मनमाडच्या डेपोपासून टँकर लांबून येतो. जो लांब राहतो त्यानं जास्त द्यायचे. हा कर बंगल्यातल्या मोटारीला जेवढा, तेवढाच मजुराला टमटममध्ये कोंबून नेणाऱ्या ड्रायव्हरला. तो ड्रायव्हर मग भाडं वाढवतो आणि डोकं मोजून वसूल करतो.

आणि ज्याच्याकडं गाडीच नाही तो? तो एसटीची वाट बघतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटीचं भाडं १७ टक्क्यांवर वाढलं, २५ जानेवारी २०२५ पासून आणखी १४.९५ टक्के. मधे २०२१-२२ चा संप, चार-पाच महिने लालपरी उभी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, ते चांगलं झालं. जे चांगलं ते चांगलं म्हणायला मला लाज वाटत नाही. पण अर्ध्या तिकिटाला अख्खी गाडी यावी लागते. बीड शहरात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. मराठवाडा निजामाच्या हातून सुटल्याला त्या दिवशी ७७ वर्षं झाली होती.

आता जळणाचं.

शहरात इंधन म्हटलं की पंप दिसतो. आमच्याकडं इंधन म्हणत नाहीत, जळण म्हणतात, आणि ते बाईनं आणायचं असतं. कापसाच्या पराट्या, तुराट्या, बाभळीच्या काट्या, वेडी बाभूळ, शेणाच्या गोवऱ्या. लेख लिहिणाऱ्यांना हे सगळं निसर्गानं फुकट दिलेलं वाटतं. फुकट काय आहे यात? पराट्या ज्याच्या रानात त्याच्या. बाभूळ ज्याचा बांध त्याची. शेण ज्याचं जनावर त्याचं. भूमिहीनाचं जळण हे कायम दुसऱ्याच्या मालकीचं. ते मागून आणायचं, नाहीतर चोरून, नाहीतर त्याच्या बदल्यात राबून. माझी आत्या कापूस उलगला की पराट्या उपटायला जायची. दिवसभर उपटायच्या, रान साफ करून द्यायचं, हाताची सालटी काढून घ्यायची, आणि मजुरी म्हणून त्याच पराट्यांचा भारा डोक्यावर घेऊन यायचं. मालकाचं रान पुढच्या पिकाला मोकळं झालं, मजुरीचा पैसा वाचला, वर उपकार केल्याचं पुण्य. याला अर्थशास्त्रात काय म्हणतात मला ठाऊक नाही. वस्तीत याला वेठच म्हणतात.

आणि हेही लक्षात ठेवा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंना जाळून मारलं. आपली घरं पेटवायला तेव्हा कुणाला जळण महाग पडलं नाही. चूल पेटवायला मात्र आपण भारा मागत फिरत होतो.

मग आली उज्ज्वला. १ मे २०१६, उत्तर प्रदेशात बलियाला उद्‌घाटन. बाईच्या डोळ्यांतला धूर जाणार म्हणाले. कनेक्शन मिळालं, खोटं कशाला बोला. पण सरकारचेच आकडे सांगतात की २०१९-२० मध्ये उज्ज्वलाचं घर वर्षाला सरासरी तीन सिलिंडर घेत होतं आणि २०२३-२४ मध्येही चार भरले नाहीत. पाच माणसांच्या घराला तेवढा गॅस तीन-चार महिने पुरेल. उरलेले आठ महिने कोण पुरवतं? पराट्या पुरवतात. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत सिलिंडर ११०३ रुपयांवर गेला होता. निवडणुका जवळ आल्या तसा ऑगस्ट २०२३ मध्ये दोनशेनं आणि मार्च २०२४ मध्ये शंभरानं उतरला. गॅसचा भाव कशावर ठरतो हे मला तेव्हा नीट कळलं. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजना काढली, वर्षाला तीन सिलिंडर मोफत. त्याच वर्षी लाडकी बहीण, महिन्याला १५०० रुपये. म्हणजे दिवसाला पन्नास. आणि ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं आणि गोशाळेतल्या गाईला अनुदान ठरवलं, तेही दिवसाला पन्नासच! बहीण आणि गाय एका भावात. गाईला निदान चूल फुंकायला लागत नाही.

गाईवरनं गोबरगॅस आठवला. सत्तर वर्षं खादी ग्रामोद्योगवाले गोबरगॅस सांगतायत. यंत्र वाईट नाही. पण त्याला रोज पाटीवर पाटी शेण लागतं, म्हणजे दावणीला चार जनावरं लागतात, त्यांना वैरण लागते, वैरणीला रान लागतं. मार्च २०१५ च्या गोवंशहत्याबंदीनंतर तर भाकड जनावर विकायची सोयही संपली, मग गरिबानं जनावर पाळायचं कशाच्या जोरावर? मेलेली ढोरं ओढायला आम्ही, आणि शेणाची मालकी दुसऱ्याची. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेनं मात्र एक वेगळी गोष्ट करून दाखवली. खरकटं, सडकं पीठ, असलं पिष्टमय दोनेक किलो टाकलं की स्वयंपाकाला गॅस देणारी टाकी. २००६ साली तिला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्याआधी उसाच्या पाचटाचा कोळसा करायच्या युक्तीलाही मिळाला होता. ही खरी कामाची बुद्धी, कारण तिला गाय लागत नाही आणि जमीनही लागत नाही. पण आमच्या वस्तीत खरकटं उरत नाही, आणि उन्हाळ्यात टाकीत ओतायला बादलीभर पाणी मिळायचे वांधे. दहा बाय दहाच्या घरात टाकी ठेवायची कुठं, हा प्रश्न वेगळाच. युक्ती आहे, पण ती पोचवायला जे रान, पाणी आणि जागा लागते ती वाटायची कुणाची तयारी नाही.

आता इथेनॉल. इथं जरा थांबून बोलायला पाहिजे, कारण हे जळण आपल्या माणसांच्या अंगावरनं जातं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून बघायचे पहिले प्रयोग २००१ साली झाले, त्यातले दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाडला. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के. जून २०२२ मध्ये देशभराची सरासरी दहा टक्क्यांवर. वीस टक्क्यांचं लक्ष्य २०३० चं होतं, ते ओढून २०२५ ला आणलं. ऑगस्ट २०२५ मध्ये गाडीवाल्यांनी बोंब मारली. मायलेज पडलं, इंजिन बिघडतं. टीव्हीवर चर्चा झडल्या. कुणी सुप्रीम कोर्टात गेलं, १ सप्टेंबर २०२५ ला कोर्टानं अर्ज फेटाळला. इंजिनाच्या तब्येतीची देशाला केवढी काळजी! ज्या बाईनं तो ऊस तोडला तिच्या तब्येतीचं काय, हे त्या महिनाभरात एकानंही विचारलं नाही.

तर मी विचारतो. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्हा रिकामा होतो. बौद्ध, मातंग, चर्मकार, वंजारी, बंजारा, आणि आता कोरडवाहू मराठासुद्धा, ट्रकात, ट्रॅक्टरात बिऱ्हाड टाकून निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पार कर्नाटकात. आधी मुकादमाकडनं उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने तोड. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाच्या वहीत ही दोन माणसं नसतात, एक हत्यार असतं. एक दिवस काम चुकलं तर खाडा, खाडा पडला की दंड. पाळी आली तरी खाडा, पोट दुखलं तरी खाडा. म्हणून पिशवीच काढून टाकायची. २०१९ साली हे बाहेर आलं तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा बायकांमागं एक. इंजिनाचा एक पार्ट निकामी झाला म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत जाणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्यानं वाचावा.

आता हिशोब करू. हिशोब आपल्याला येत नाही असं साखरसम्राटांना वाटतं.

जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीनं तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला साधारण २७३ चे ३६६ रुपये झाले. मोठा विजय म्हणून पेपरात आलं. हा दर कोयत्याचा, म्हणजे दोन माणसांचा. तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची, सगळं त्यात. एक टन उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केलं तर ७० लिटरच्या आसपास निघतं. त्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरला ६५ रुपये ६१ पैसे देत होत्या. म्हणजे टनामागं ४,५९० रुपये. २०२४-२५ ला शेतकऱ्याचा रास्त भाव टनाला ३,४०० होता, तोही त्याला वेळेवर मिळत नाही, त्याचं रडगाणं खरं आहे. पण तोडणाऱ्याचे ३६६.

अजून खाली उतरू. वीस टक्के मिसळायचं म्हणजे ७० लिटर इथेनॉल ३५० लिटर पेट्रोलमध्ये जातं. ३६६ ला ३५० नं भागा. एक रुपया आणि पाच पैसे. तुमच्या गाडीच्या टाकीत पडणाऱ्या प्रत्येक लिटरमागं ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक रुपया. त्याच लिटरवर केंद्र सरकारचं उत्पादन शुल्क मे २०२२ नंतर १९ रुपये ९० पैसे होतं आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यात दोन रुपये वाढले. राज्याचा कर आणखी वेगळा.

(सगळं इथेनॉल रसाचं नसतं हे मला माहीत आहे. मळीचं असतं, आणि २०२४-२५ मध्ये तर उसापेक्षा धान्याचं, त्यातही मक्याचं, जास्त होतं. शिवाय अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळ डिस्टिलऱ्यांना किलोला साडेबावीस रुपयांनी दिला. रेशनच्या तांदळावर मोटारी पळवणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, कुणीतरी लिहा.)

आणि या सगळ्यात कोपीवरची चूल कशावर पेटते? ज्या फडात देशाचं हिरवं इंधन उभं आहे त्याच्या कडेला बाई पहाटे तीनला उठते, पाचट आणि चिपाडं पेटवते, त्या धुरात दोन्ही वेळच्या भाकरी थापते आणि कोयता घेऊन निघते. उज्ज्वलाचा सिलिंडर गावाकडं कुलपात. तो इथं आणला तर भरून कोण देणार, कुठल्या पत्त्यावर? कारखान्याच्या चोथ्यावर वीज होते, ती विकली जाते. कोपीत मात्र अंधार असतो. पर्यायी इंधनाचा एवढा मोठा धंदा ज्यांच्या हातांवर उभा आहे, त्यांच्या घरात त्यातलं थेंबभर येत नाही.

ऊन तरी कुणाच्या मालकीचं नाही, असं वाटलं होतं. पण सौर पॅनल उन्हात उभे राहत नाहीत, जमिनीवर उभे राहतात. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली. गावागावांत सौर प्रकल्प, शेतीला दिवसा वीज. दिवसा वीज पाहिजेच, रात्री मोटार चालू करायला जाऊन साप चावून माणसं मरतात. पण जागा कुठली? खाजगी जमीन असेल तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, आणि सरकारी जमीन नाममात्र भाडेपट्ट्यानं. आणि सरकारी जमीन म्हणजे गायरान.

गायरान म्हणजे काय हे शहरातल्या पोरांना सांगायला पाहिजे. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायरानं फोडली, दगड वेचले, पेरली. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातनं आयुष्य यात घातलं. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं कायम करा म्हणून. किती झाली? गाव नमुना १-ई ला अतिक्रमणाची नोंद असते, सातबाऱ्यावर नाव नसतं. तिसरी पिढी पेरतेय आणि कागदावर अजून अतिक्रमणदारच आहे. २०२२ मध्ये हायकोर्टाच्या आदेशावरनं गायरानं मोकळी करायच्या नोटिसा निघाल्या, राज्यात दोन लाखांवर अतिक्रमणं मोजली गेली. आणि आता वरनं सौरऊर्जा. साधा प्रश्न आहे. शेजारच्या बागाईतदारानं जमीन दिली तर त्याला हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे दोन एकराला वर्षाला लाखभर रुपये. त्याला लागूनच्या गायरानावर आपला माणूस चाळीस वर्षं कसतोय, त्याला काय? नोटीस.

वाऱ्याचं तर विचारूच नका. आमच्याच केज तालुक्यात, मस्साजोगला, पवनऊर्जा कंपनीकडं दोन कोटींची खंडणी मागितली असं पोलिसांचं आरोपपत्र सांगतं. ६ डिसेंबर २०२४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाला, तिथल्या रखवालदाराला मारहाण झाली. तो दलित. सरपंच संतोष देशमुख, जातीनं मराठा, त्याच्या बाजूनं उभे राहिले. ९ डिसेंबरला त्यांचं अपहरण करून हाल हाल करून खून केला. त्यावर पुढं महिनोन्‌महिने जे राजकारण झालं त्यात दोन मोठ्या जातींची भांडणं रंगली आणि मार खाल्लेला रखवालदार बातमीच्या तळाला गेला. वारा स्वच्छ इंधन आहे म्हणतात. पंख्याच्या बुडाशी कोण उभा असतो ते बघा.

मग सायकल तरी? सायकल आपली आहे. पण त्यांनी सांगितलेल्या कारणासाठी नाही.

माझ्या चुलत्यानं नामांतराच्या आधीच्या काळात जुनी सायकल घेतली. वाड्यापुढनं जाताना आपल्या माणसानं उतरून सायकल हातात धरून न्यायची असा अलिखित दंडक. चुलता उतरला नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही टायर कापलेले. त्यानं पंक्चरवाल्याकडनं उधारीवर टायर बसवले आणि परत तिथनंच गेला. त्याला कुणी इंधन बचतीचा पुरस्कार दिला नाही. माणूस कुणाच्या परवानगीशिवाय, कुणाच्या भाड्याशिवाय, ताठ बसून रस्त्यानं जातो, हे त्यांना सहन होत नव्हतं. तो रस्ता तरी कुणी केला? ७२ च्या दुष्काळात खडी फोडून असले रस्ते आपल्या आज्यांनी केलेत. (आणि नवा समृद्धी महामार्ग झाला, तिथं दुचाकीला बंदी. समृद्धीला चार चाकं लागतात.)

तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेत बायकांना सायकल शिकवली. लाखभर बायका शिकल्या. त्यात शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या, दलित होत्या. इंधनाचा प्रश्नच नव्हता. बसची वाट आणि नवऱ्याची परवानगी या दोन गोष्टी एकदम सुटल्या. १९८३ मध्ये कांशीरामांनी डीएस-४ चा सायकल मोर्चा काढला, सात राज्यांतून. मोटारींना पैसा नव्हता हे खरंच, पण सायकल ज्या गल्लीत शिरते तिथं मोटार शिरत नाही, हेही त्यांना कळत होतं.

आणि सायकलचं कौतुक कसं करतात याचाही नमुना आहे. मे २०२० मध्ये पंधरा वर्षांची ज्योती कुमारी, पासवान समाजातली पोर, जखमी बापाला मागं बसवून गुरुग्रामहून बिहारात दरभंग्याला बाराशे किलोमीटर सायकल मारत गेली. अमेरिकेतनं इव्हांका ट्रम्पबाईंनी वाहवा केली. सायकल फेडरेशन चाचणीला बोलवायला लागलं. ट्रेन का नव्हती, हे विचारायचं सोडून सगळे टाळ्या पिटत होते. त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, ॲटलास कंपनीच्या साहिबाबादच्या कारखान्याला टाळं लागलं.

करांचंही बघा. २०१९ पासून विजेच्या मोटारीवर जीएसटी पाच टक्के. सायकलवर बारा. लाखोंची मोटार घेणारा पर्यावरण वाचवतो म्हणून त्याला सवलत, आणि सायकल घेणारा गवंडी जास्त देणार. २२ सप्टेंबर २०२५ ला सायकलचा कर पाचवर आला. सहा वर्षं लागली हे कळायला. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलला पैसे मिळतात. आधी ३५०० होते, २०२२ मध्ये ५००० झाले. पण सगळे एकदम मिळत नाहीत. आधी ३५०० खात्यावर येतात, उरलेले १५०० सायकल घेऊन पावती दाखवल्यावर. ज्या पोरीची आई फडात गेलीय आणि जी आजीपाशी राहून शाळा करते, तिनं वरचे पदरचे कुठनं आणायचे? ही सायकल पावतीशिवाय हातात द्या, आणि दिवाळीआधी द्या. दिवाळीनंतर पोर कोपीवर गेलेली असते, पाळणा सांभाळायला.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या दोस्तांनो, हे तुमच्यापासून लांब नाही. पाठीवर पेटी बांधून रात्री बाराला दुसऱ्यांची बिर्याणी पोचवणारी पोरं आपलीच आहेत. गाडी ज्याची त्याची, हप्ता ज्याचा त्याचा, पेट्रोल ज्याचं त्यानं भरायचं. पेट्रोल वाढलं की पगार कापला जातो, फक्त कापणारा दिसत नाही. त्याच टाकीत आईबापानं तोडलेल्या उसाचा पाचवा हिस्सा आहे. आई एक रुपयानं विकते आणि पोरगा शंभरानं भरतो.

२०२४ चा तोडणीचा करार तीन वर्षांचा होता. पुढच्या कराराला बोलणारे पुन्हा तेच असतील, कारखानदार एका बाजूला आणि नेते दुसऱ्या बाजूला, ज्यांतले काही दोन्हीकडं असतात. आपण आपलं म्हणणं आतापासून कागदावर आणायला पाहिजे. माझ्या मते पहिली गोष्ट, तोडणीचा दर साखरेशी नाही तर इथेनॉल आणि विजेच्या विक्रीशीही बांधा. इथेनॉलच्या टनाच्या ४,५९० तला दहावा हिस्सा, म्हणजे ४५९ रुपये, मजुरीच्या वर. कोपीवर पाच किलोचा छोटा सिलिंडर कारखान्यानं भरून द्यायचा. गायरानावर पॅनल लागणार असतील तर आधी १-ई चा सातबारा करा आणि खाजगी मालकाला देता तेच सव्वा लाख कसणाऱ्याला द्या. मागण्या यापेक्षा चांगल्या कुणाला सुचत असतील तर लिहून पाठवा.

आणि ज्यांचे आईबाप फडात जातात त्यांनी एक काम करा. काटा पावत्या फेकून देऊ नका. काटामारी किती होते, खाडे किती पडले, दंड किती कापला, आईला दवाखान्याला किती गेले, जळणाला कोण किती वेळ गेलं, हे एका साध्या वहीत तारखेसकट लिहून काढा. फोनवर आईला विचारलं तरी चालेल, तिला सगळं तोंडपाठ असतं. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतल्या निदान दहा टोळ्यांच्या अशा वह्या जमल्या तर बोलणीच्या टेबलावर ठेवायला आपल्याकडं मुकादमाच्या वहीसमोर दुसरी वही असेल.